शेरा

आठ रकाने होते तक्त्यात.
तारीख, वेळ, मानशीचा क्रमांक, भरती की सुकती,
खारटपणा हजारी किती, पाण्याची उंची, सही,
आणि अगदी कडेला बोटभर रुंद: शेरा.

ते कागद मी संगणकात चढवायचे,
पणजीत, तिसऱ्या मजल्यावर, रोजंदारीने.
पैसा सरकारचा, म्हणजे तुमचाच,
असं उद्घाटनाला कुणीसं म्हणालं होतं
आणि दुर्भाटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या
जरा जपून,
हरवलेलं पाकीट परत मिळाल्यावर आधी आत बघतात तशा.
मला सूचना एकच: शेरा सोडून द्या.

चौदा जणांना चौदा नळ्या दिल्या होत्या.
काचेवर खाजनातला थेंब ठेवायचा,
नळी उजेडाला धरायची,
निळं जिथे संपतं तो आकडा.
रात्री स्कूटरचा दिवा चालेल, असं माहितीपत्रकात नव्हतं.
ते शाणू गावड्याने शोधून काढलं.

शाणूचे आकडे दुकानाच्या पाटीएवढे.
शेऱ्यात: 'वेळ चुकली. म्हैस व्याली.'
पर्पेत रिबेलोला मोतीबिंदू,
ती पाणी काढायची, आकडा वाचायची शेजारची सातवीतली पोर.
'पर्पेत जिभेवर घेऊन म्हणते, कालच्याहून खारट.
नळी म्हणते तेवढंच.
मी दोन्ही लिहिते, सरांनी ठरवावं.'
इनासच्या कागदाला एकदा
शेवट्याचं खवलं चिकटून आलं,
स्कॅनर अडकला,
सगळ्या मजल्याला दिवसभर वास.

मी सोडून देत गेले. खरंच सांगते.
सोडता सोडता वाचत गेले, इतकंच.

मग भाद्रपद. भात पोटरीत.
बांधाच्या आत हजारी दोन, फार तर तीन,
आणि इनासच्या कागदावर सतरा.
दुसऱ्या रात्री सतरा. तिसऱ्या रात्री अठरा.
सरांनी लाल गोल केला,
बाजूला लिहिलं: उपकरणदोष, ओळ वगळावी.

कडेच्या बोटभर जागेत
मुंगीएवढ्या अक्षरात, कागद आडवा करून, इनासचं:
'दाराच्या फळीखाली कुर्ल्यांनी वाट केली आहे.
हात घालून बघितला. कोपरापर्यंत गेला.
कोण येणार?'

प्रश्नचिन्ह होतं.
तक्त्याला प्रश्न विचारता येतो
हे आमच्या मजल्यावर कुणाला माहीत नव्हतं.
मी कागद घेऊन सरांकडे गेले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
गाडीसाठी अर्ज करावा लागतो. दोन दिवस लागले.

आम्ही पोचलो तेव्हा मानशीपाशी
पेंढा, चिखल, दगड ठासून झाले होते.
इनासच्या पायाला कालवाच्या शिंपीची चीर,
वर हळद, वर जुना मोजा.
सरांनी स्वतः थेंब घेतला, नळी आभाळाला धरली.
चार, म्हणाले.
पर्पेत म्हणाली, साडेतीन.
पाँट गुडघ्यापर्यंत भरलेली होती सरांची, हसले ते.

तिसऱ्या वर्षी समाजगृहात पडद्यावर आलेख आला.
तीन वर्षांची निळी रेघ, कणकण जमवलेली,
मधेच एक सुळका.
सर सुळक्यावर आले, थोडे थांबले.
मागच्या बाकावरून शाणू ओरडला,
"ती आमची रात!"
अहवालात मात्र त्याला खूण क्रमांक पाच म्हटलं आहे.

निधी मार्चअखेर संपला. नळ्या मोजून परत घेतल्या,
तेरा भरल्या, एक फुटकी.
शेऱ्यांची मी वेगळी फाईल केली होती,
कुणी मागितली नाही, मी पुसली नाही,
नाव ठेवलंय 'इतर'.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने एक कागद आला,
उरलेला कोरा तक्ता वापरलेला.
आकड्यांचे रकाने रिकामे.
सहीच्या जागी पर्पेतचा अंगठा
आणि कडेला त्या पोरीचं अक्षर:
'नळी दिली.
आज पाणी फार खारट.'